मी बी करसू

आमच्या दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम आला की गावाच्या कडेची मोकळी जागा लाल होते. पथारीवर मिरची वाळत पडते, बाया रांगेने बसून देठं खुडतात, आणि वाऱ्याने दिशा बदलली की अख्खी गल्ली शिंकते. अशाच एका पथारीपासून थोडी लांब, कडुनिंबाखाली, तीन वर्षांची एक मुलगी बसलेली मी पाहिली होती. मिरचीला हात लावायचा नाही, असं आईने बजावलेलं. पोरीने त्यावर तोडगा काढला. झाडाखालची वाळकी पानं ओंजळी भरभरून आणली, पुढ्यात ढीग केला आणि आईच्या हातांकडे बघत एकेका पानाचं देठ खुडायला लागली. देठं एका बाजूला, पानं दुसऱ्या बाजूला. मध्येच आई पदर नाकावर ओढायची, की हीसुद्धा फ्रॉकची कड नाकापर्यंत वर धरायची. मी विचारलं, "काय करस व माय?" मान वर न करता उत्तर आलं, "काम करस."

तिच्या हातात पुस्तक नव्हतं. तरीही घरकामाच्या चित्रपुस्तकांविषयी मला जे सांगायचं आहे ते बहुतेक सगळं त्या पानांच्या ढिगाऱ्यात आहे, म्हणून सुरुवात तिथून. अहिराणी घरातलं दोन-तीन वर्षांचं पोर दिवसातून दहा वेळा एक वाक्य म्हणतं, 'मी बी करसू'. मीपण करणार. माय झाडायला लागली की ते केरसुणी धरतं, भाकरी थापायला बसली की पिठाचा गोळा मागतं, धुणं वाळत घालताना बादलीत डोकं घालून एक मोजा वर काढतं. आणि आपण केरसुणी काढून घेतो. सांडशील, भाजशील, जा तिकडे खेळ. हेच पोर आठ वर्षांचं झालं की 'जेवलेलं ताट तरी उचल' म्हणत आपण त्याच्यामागे फिरतो. जे येत होतं त्याला आधी हाकलून लावायचं आणि मग त्याला कामाची गोडी लागावी म्हणून पुस्तक शोधायचं, असा हा उलटा कारभार आहे.

पुस्तकाच्या दुकानात आईबाप विचारतात तेही असंच असतं. दात घासायची सवय लागेल असं काही आहे का? पसारा आवरेल असं? म्हणजे काम हे कडू औषध, आणि चित्रपुस्तक हा त्याभोवतीचा गूळ. बाजारात अशी गूळ लावलेली पुस्तकं भरपूर आहेत. शेवटच्या पानावर आवरलेली खोली, हसरी आई आणि एखादा चांदणीचा स्टिकर. पोरं ती एकदा बघतात आणि दुसऱ्यांदा मागत नाहीत. चित्रपुस्तकाची खरी परीक्षा 'परत वाच' या दोन शब्दांत असते.

या गुळाच्या विरोधात एक पुरावाही आहे. जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतले संशोधक फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2006 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटासा प्रयोग मांडला. मोठा माणूस कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातून चिमटा खाली पडतो आणि त्याचा हात तिथवर पोचत नाही. समोर दीड वर्षाचं मूल. न सांगता, न विचारता बहुतेक मुलं गेली, चिमटा उचलून दिला. त्या माणसाने चिमटा मुद्दाम फेकला तेव्हा मात्र बहुतेक मुलं हलली नाहीत. मदत कधी लागते आणि कधी लागत नाही, हे त्या वयातही कळत होतं. दोनच वर्षांनी, 2008 मध्ये, त्याच दोघांनी पुढचा प्रयोग केला. मदतीबद्दल ज्या मुलांना खेळणं बक्षीस मिळालं, ती पुढच्या वेळी इतरांपेक्षा कमी मदत करायला लागली. स्टिकर चिकटवणाऱ्या पुस्तकांच्या लेखकांनी हे टेबलावर लावून ठेवावं.

*

आपल्याकडे घरकामाला चित्र उशिरा मिळालं, गाणं फार आधी मिळालं. दळताना, कांडताना बाया गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, यावरून या कामावर किती गाणं सांडलेलं होतं त्याचा अंदाज येतो. आमच्या खानदेशात जात्याला घरोट म्हणतात, आणि त्या घरोटावर बसून आसोद्याच्या बहिणाबाईंनी जे म्हटलं ते मराठीला माहीत आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1951 मध्ये त्या गेल्या, 1952 मध्ये त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्या धडपडीने गाणी छापून आली, आणि प्रस्तावना होती आचार्य अत्र्यांची. खानदेशी मजकुराला प्रस्तावना लिहायची म्हटलं की ती आठवते आणि पेन जरा जड होतं. असो. त्या घरोटाच्या खुंट्याला बाईच्या हाताशेजारी एक लहानसा हातही असायचा, हे ज्यांनी दळण पाहिलंय त्यांना आठवेल. गाणं कानावर पडत होतं, गती हातात मिळत होती, आणि मुलाला वेगळं काही शिकवावं लागत नव्हतं.

चित्रांचं म्हणाल, तर मराठी घरातलं घरकामाचं सगळ्यांत ओळखीचं चित्र कॅलेंडरवरचं आहे. जनाबाई जात्यावर बसली आहे आणि समोर पीतांबर नेसलेला विठ्ठल खुंटा धरून दळू लागतोय. त्याच्या जोडीला पैठणला नाथांच्या घरी कावडीने पाणी भरणारा श्रीखंड्या. आणि शाळेच्या भिंतीवर डोक्यावर खापर, हातात खराटा घेतलेले गाडगेबाबा. माझ्या पिढीने झाडणाऱ्या माणसाचं पहिलं चित्र पाहिलं ते त्यांचंच. गंमत बघा, या तिन्ही चित्रांत काम करणारा पुरुष आहे, नाहीतर देव आहे. घरातली बाई जन्मभर दळते, तिचं चित्र कोणी काढत नाही. देव दळायला बसला की त्याचं कॅलेंडर होतं.

भातुकली होती, तीही विसरायला नको. इवलासा तवा, इवलीशी परात, चूल, सूप, रवी. घरकामाचा हा अख्खा संच खेळण्यात होता. पण तो मुलींसाठी होता, आणि मुलगा तिथे आला तर जेवायला यायचा.

*

जगात मुलांसाठी चित्रांचं पहिलं मोठं पुस्तक म्हणून ज्याचं नाव घेतात ते कोमेनियसचं 'ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस', न्यूरेम्बर्ग, 1658. त्यात देव, आकाश, पशुपक्षी यांच्या बरोबरीने दळण आहे, भट्टीत पाव भाजणं आहे, स्वयंपाकघर आहे. चित्रातल्या वस्तूंना आकडे आणि शेजारी त्यांची नावं. मुलाला जग दाखवायचं तर त्यात चूलही आली, हे या माणसाला साडेतीनशे वर्षांपूर्वी सुचलं होतं. नंतरच्यांना मात्र मुलांना जग दाखवण्यापेक्षा वळण लावण्याची घाई झाली.

त्या घाईचा कळस म्हणजे फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश होफमान यांचं 'श्ट्रुवेलपेटर'. हे पुस्तक 1845 चं. नखं न कापणारा, केस न विंचरणारा पोरगा मुखपृष्ठावरच उभा. आत अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कात्रीने कापून टाकतो. होफमाननी हे आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी काढलं होतं, आणि ते अफाट खपलं. हा धाकाचा संप्रदाय. आपल्याकडे तो चित्रांशिवाय चालू होता, आपला बागुलबुवा तोंडी होता.

धाकाला उत्तर मिळालं ते गमतीतून. बिट्रिक्स पॉटरच्या 1905 मधल्या 'मिसेस टिगी-विंकल' या पुस्तकात डोंगराच्या पोटात राहणारी, अंगभर काटे असलेली एक इवलीशी धोबीण सगळ्या प्राण्यांचे कपडे धुऊन इस्त्री करून देते. कोंबडीचे मोजे कुठले, मेंढ्यांचे अंगरखे कुठले, हे तिला बरोबर माहीत असतं. तिथे उपदेशाचं एक अक्षर नाही, आहे तो ओल्या कपड्यांचा आणि गरम इस्त्रीचा वास. रशियात 1923 मध्ये कोर्नेय चुकोव्हस्कीने 'मोयदोदिर' लिहिलं. त्यात घाणेरड्या पोराची चादर, उशी, सगळ्या वस्तू पळून जातात आणि हात धुवायचं बेसिनच सेनापतीसारखं त्याच्यावर चाल करून येतं. धाक इथेही आहे, पण तो इतका अचाट केलाय की पोरं हसून लोळतात.

तिसरी वाट शिक्षकांची. मारिया माँटेसोरींनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडलं आणि मुलांच्या हातात खऱ्या वस्तू दिल्या. मुलाच्या उंचीचा झाडू, त्याला उचलेल एवढा तांब्या, फुटू शकेल अशी खरी बशी. पाणी ओतणं, बटणं लावणं, टेबल पुसणं हाच अभ्यास. ही वाट भावनगरमार्गे मराठीत आली. गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये तिथे बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या, आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे 1945 मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या आणि 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. माँटेसोरींची साधनं महाग होती, म्हणून या दोघींनी शंख, शिंपले, बिया, काड्या घेतल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. आज गल्लोगल्ली दिसणारा 'अंगणवाडी' हा शब्द त्यांच्या कामातून आला. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राने 33 प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तो शब्द देशाचा झाला.

चित्रपुस्तकात या वाटेचा उत्तम वारसा चालवला जपान्यांनी. रिएको नाकागावा पाळणाघरात शिकवत होत्या. त्यांच्या 1963 मधल्या 'गुरी आणि गुरा' या गोष्टीत दोन उंदरांना जंगलात भलंमोठं अंडं सापडतं. ते घरी नेता येत नाही, म्हणून ते कढई, पीठ, साखर सगळं तिथेच नेतात आणि केक करतात. एवढंच. पण मुलं या पुस्तकाला चिकटतात, कारण त्यात रांधायची एकही पायरी गाळलेली नाही. 1976 मधली योरिको त्सुत्सुई आणि चित्रकार आकिको हायाशी यांची 'पहिलं सामान आणणं' अशा अर्थाची गोष्ट तर मला आमच्याच गल्लीतली वाटते. पाच वर्षांची मुलगी दूध आणायला एकटी निघते. पडते, नाणी घरंगळतात, दुकानापाशी पोचल्यावर तिचा बारीक आवाज कोणाला ऐकूच जात नाही. दहा मिनिटांचं काम, पण त्यात अख्खं महाकाव्य मावलंय. किराणा दुकानाच्या फळीवर हनुवटीही न टेकणाऱ्या पोराला 'आधा किलो साखर' ओरडताना ज्यांनी पाहिलंय त्यांना ते समजावून सांगायला नको.

*

मराठी छापील बालवाङ्मयाला 'बालबोधमेवा'पासून, म्हणजे 1872 पासून मोजलं, तर दीडशे वर्षं होऊन गेली. वा. गो. आपट्यांचं 'आनंद' 1906 चं, बालभारतीचं 'किशोर' 1971 चं. या सगळ्यांत वाचता येणाऱ्या मुलाचा विचार झाला. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्यासाठी चित्र हीच भाषा आहे, त्या दोन ते सहा वर्षांच्या गिऱ्हाइकाकडे फार उशिरा लक्ष गेलं. गोष्टीत काम आलं तर ते तात्पर्यासाठी यायचं. आळशी मुलगा शेवटी पस्तावायचा, कामसू मुलीचं शेवटी कौतुक व्हायचं.

इथे आमच्या शेजारचं एक उदाहरण सांगायला हवं. तापी खोऱ्याच्या रेल्वेने दोंडाईच्याहून निघालं की शिंदखेडा, नरडाणा, बेटावद करत गाडी अमळनेरला पोचते. तिथे 1924 ते 1930 साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या पसरलेल्या दिसल्या की ते भाषण देत नसत. स्वतः झाडायचे, अंथरुणाच्या घड्या घालायचे, कपडे धुऊन टाकायचे. पोरं शाळेतून येऊन बघायची आणि लाजून स्वतः करायला लागायची. तिथे त्यांनी मुलांसाठी हस्तलिखित दैनिकही चालवलं. माझ्या लेखी त्यांच्या सगळ्या बोधकथांपेक्षा हे मुकाट झाडणं चित्रपुस्तकाच्या जास्त जवळचं आहे. चित्र असंच मुकाट असतं. दाखवतं आणि थांबतं.

हे मुकाटपण मराठीत नीट उतरलं ते माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना 2014 मध्ये मिळाला, टाटा ट्रस्टच्या 'पराग'चा 'बिग लिटल बुक' पुरस्कार 2016 मध्ये. 'राधाचं घर'मध्ये घरातली माणसं फक्त आपापलं रोजचं करत असतात. 'यश'च्या गोष्टींत कोणी कोणाला सुधारत नाही. चित्रं त्यांचीच, त्यामुळे मजकुराने न सांगितलेलं कोपऱ्यात दिसत राहतं. मराठी मुलाने चित्रात स्वतःचं घर ओळखावं, ही सोय त्यांनी केली. 2004 मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम बुक्स'ने दुसरी सोय केली, ती स्वस्ताईची. त्यांच्याकडचं विनीता कृष्णा यांचं 'आलू-मालू-कालू' मी किती वेळा वाचून दाखवलं असेल, मोजदाद नाही. मालू बागेत बटाटे आणायला जाते, झाडावर बटाटे दिसतच नाहीत, आणि कालू कुत्रा माती उकरतो. भाजी आणायला पाठवलं, यापलीकडे त्यात कथानक नाही. मूल मात्र प्रत्येक वेळी कालूच्या आधी ओरडतं, की खाली बघ, खाली!

मग आमची तक्रार काय? घर दिसतं, पण ते आमचं नसतं. चित्रात ओटा असतो, गॅलरी असते, वॉशिंग मशीन असतं. अंगण नसतं, मोरी नसते, नळाला पाणी येण्याचा वार नसतो. उन्हाळ्यात गच्चीभर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे आणि त्यांच्यावर कावळा बसू नये म्हणून काठी घेऊन बसवलेलं पोर नसतं. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. त्याच्या आधी घरातलं एकूण एक भांडं घासून निघतं, फडताळातले डबे खाली येतात, आणि त्या पसाऱ्यात लहान मुलांइतकं सुखी कोणी नसतं. या आनंदाचं एक पान मी कुठल्या पुस्तकात पाहिलेलं नाही. आणि भाषा? घरात 'पाणी उनं' म्हणणाऱ्या पोराला पुस्तक 'पाणी आले' शिकवतं. एका शाळेत माझ्यादेखत एका लहानग्याला 'नीट बोल' म्हणून गप्प बसवलं गेलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात घरच्या भाषेचं महत्त्व मान्य झालंय. ते त्या वर्गापर्यंत पोचायला वेळ लागेल, तोवर निदान पुस्तकाने तरी मुलाला गप्प बसवू नये.

*

आता थोडी अडचणीची गोष्ट. घरकाम गमतीचं करायचं, हे म्हणणं ज्याच्या घरी कामाला पर्याय आहे त्याला शोभतं. कोसबाडला ताराबाई-अनुताईंना पहिल्यांदा दिसलं ते हे, की मोठी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली असते आणि मुलगा गुरांमागे गेलेला असतो. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका छपराखाली आणली. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आमच्या भागात आजही सहा-सात वर्षांची पोरगी घर सांभाळते तेव्हा ती काही भातुकली नसते. 2016 च्या दुरुस्तीनंतर कायद्यानेही चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावण्यावर बंदी आहे, पण शाळेच्या वेळेनंतर घरच्यांना मदत करायला मुभा आहे. मदत कुठे संपते आणि राबणूक कुठे सुरू होते, ही रेघ प्रत्येक घरात रोज ओढावी लागते. अशा पोरीपुढे 'झाडणं किती मजेचं' असं पुस्तक उघडणं म्हणजे तिची थट्टा.

आणि ती पोरगीच असते, पोरगा नसतो, हे मुद्दाम सांगायला हवं. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जातात आणि असं काम करणाऱ्या पुरुषाचे 97, असं दिसलं. त्यातही असं काम करणाऱ्या बाया शंभरात 81 होत्या आणि पुरुष 26. त्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि बाबा दोघे बसून भाजी निवडताहेत असं चित्र आलं, आणि त्याची देशभर बातमी झाली. भाजी निवडणारा बाप ही 2019 मध्ये बातमी होती! केरळच्या पाठ्यपुस्तकातला नारळ खवणारा बाप 2024 मध्ये तसाच गाजला. इंग्लंडात अँथनी ब्राउनने 1986 मध्येच 'पिगीबुक' काढलं होतं. सगळं काम आईवर टाकणारे बाप आणि दोन पोरगे, आई घर सोडून जाते, आणि हे तिघं हळूहळू डुकरं होतात. भिंतीवरच्या कागदाची फुलं, दाराची मूठ, सगळ्यांना डुकराचं तोंड येत जातं. पुस्तक भारी आहे, पण मला ते मोठ्यांच्या कामाचं जास्त वाटतं. तीन वर्षांच्या मुलाला बापाची फजिती बघण्यापेक्षा बाप भांडी घासताना बघायला आवडतं, कारण त्यात फेस असतो.

*

या सगळ्या पसाऱ्यात तुमच्या हातातलं पुस्तक कुठे बसतं ते आता सांगतो. यात चित्रकथा आहेत, आणि त्यांच्या मागे पालकांसाठी, अंगणवाडी ताईंसाठी थोडी टिपणं. दोंडाईचा आणि आसपासच्या गावांतल्या घरांत बसून रेखाटलेली ही कामं आहेत. पाणी भरणं, शेंगा फोडणं, लसूण सोलणं, बिबड्यांची राखण, कपड्यांच्या घड्या, देवाची भांडी, संध्याकाळी अंगणातली बाज आत घेणं. निवेदन साध्या मराठीत आहे, माणसं बोलतात ती अहिराणीत. करणाऱ्यांनी स्वतःला काही बंधनं घालून घेतली. कुठल्याच गोष्टीत शाबासकी नाही. कुठल्याच गोष्टीत काम न करणारं वाईट पोर नाही. मूल जे करतं ते खरोखर उपयोगी असलं पाहिजे, लुटुपुटीचं नाही, आणि ते त्याला झेपणारं पाहिजे. ते दमलं की गोष्टीत ते उठून जातं, काम मोठी माणसं पुरं करतात, आणि त्यावर कोणी काही बोलत नाही. कडेवर भावंड घेतलेली मुलगी एका गोष्टीत आहे. तिच्या पानावर गंमत ओतलेली नाही. तिच्या मामाने भावंड स्वतःकडे घेतलंय आणि ती बाजेवर आडवी झाली आहे.

एक पान जवळून बघू. नळाला पाणी आलंय. डावीकडून उजवीकडे भांड्यांची रांग आहे: टाकी, पिंप, हंडा, कळशी, बादली, तांब्या, आणि सगळ्यांत शेवटी पोराचा स्वतःचा गडू. पोर हंड्याशेजारी उकिडवं बसलंय, डोळे मिटून. पानावर शब्द नाहीत, फक्त हंड्याच्या तोंडातून निघालेल्या आवाजाच्या रेषा आहेत. खाली जाड, वर बारीक. हंडा रिकामा असतो तेव्हा पाण्याचा आवाज भसाडा असतो, भरत आला की तो बारीक होत जातो, हे पाणी भरणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. पोराचं काम एवढंच, की आवाज बारीक झाला की ओरडायचं, "भरनं!" मग बाप पाइप उचलून कळशीत टाकतो. पान उलटलं की कळशी, तिचा आवाज वेगळा. मूल वाचताना डोळे मिटतं. आपण तोंडाने आवाज काढायचा आणि त्याने थांबवायचं. हे काम म्हणायचं, खेळ म्हणायचा की वाचन, ते मला ठरवता आलेलं नाही आणि ठरवायची गरजही वाटत नाही.

छापायच्या आधी कच्ची चित्रं घेऊन आम्ही पोरांत बसलो. त्यांनी पुष्कळ चुका काढल्या. लसणाची सालं उडाल्याशिवाय राहत नाहीत, ती चित्रात जागच्या जागी होती. बिबड्यांच्या राखणीला एकच काठी होती, पोरं दोन, मग भांडण का नाही? पाण्याच्या पानावर मात्र एक चार वर्षांचा गडी बराच वेळ थांबला. बापावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "याना शर्ट त कोरडाच शे."

चित्रकाराने पान परत नेलं. आता बापाची बाही कोपरापर्यंत ओली आहे, पोटावर ओला डाग आहे आणि एका पायात चप्पल नाही.